दिवसपाळीचा मालक

कुत्रा पाळला की किस्से साठतात, हे कुत्रा पाळणाऱ्या कोणालाही विचारा. पण ज्या घरातले सगळे सकाळी बाहेर पडतात आणि दिवेलागणीला परत येतात, त्या घरच्या कुत्र्याचे किस्से जरा वेगळेच साठतात. ते घरच्यांना सोडून सगळ्या गावाला माहीत असतात! एसटीत शेजारी बसलेली बाई सांगते, गिरणीत दळण टाकताना कोणीतरी सांगतं, आणि आपण "हो का? आमचा कुत्रा?" असं म्हणत ऐकून घ्यायचं. आमच्या मेजरचे निम्मे किस्से मी असे पाहुण्यासारखे ऐकलेत. उरलेले डोळ्यांनी पाहिले. ते पाहिले नसते तर बरं झालं असतं, असं आमच्या ह्यांचं मत आहे.

तर आधी घर सांगते. अवसरी बुद्रुकला, गावाबाहेर मळ्यात आमचं घर. मी प्राथमिक शाळेत बाई, आणि शाळा पार डिंभ्याच्या बाजूला. तिकडची एसटी आली तर आली, नाहीतर बसा फाट्यावर. त्यामुळे घरातून सगळ्यात आधी निघणार मी आणि सगळ्यात शेवटी येणारही मीच. हे मंचरला हायस्कूलमध्ये पीटीचे सर. मुलगी स्वाती ह्यांच्याच शाळेत, ह्यांच्याच स्कूटरवर मागे बसून जायची. घराला कुलूप. हाकेच्या अंतरावर एकच घर, रस्त्यापलीकडे कोंडीबाबा आणि गंगूआजींचं. त्यांचे दोन्ही मुलगे नोकरीला, थोरला भोसरीला आणि धाकटा मुंबईत, लेक सासरी. म्हातारा-म्हातारी दोघंच शेती बघायची.

*

नव्वदच्या दशकातली गोष्ट. भर दुपारी कोणीतरी आमच्या विहिरीवरच्या मोटारीची केबल कापून नेली. हे संध्याकाळभर विहिरीच्या काठावर येरझाऱ्या घालत होते. मग जाहीर केलं, "कुत्रा पाहिजे. साधासुधा नाही. शिस्तीचा."

नारायणगावच्या एका ओळखीच्या माणसाकडून पिल्लू आलं. अस्सल अल्सेशियन म्हणून. मोठं झाल्यावर त्याचा एक कान उभा राहिला, दुसरा राहिला नाही. हे म्हणायचे, राहील, काहींना वेळ लागतो. तो कान शेवटपर्यंत पडलेलाच होता आणि हे शेवटपर्यंत वाट बघत होते.

नाव ठेवलं मेजर. आणि अंगणात पीटीचा तास सुरू झाला. एक लांब शिट्टी म्हणजे बस, दोन आखूड म्हणजे ऊठ. शाळेतली पोरं परवडली, असं ते पिल्लू बिचारं धापा टाकायचं. समोर कोंडीबाबा ओट्यावर तंबाखू मळत हे रोज बघायचे. एक दिवस न राहवून त्यांनी विचारलं, "सर, भाकरी घातली का त्याला?"

"बाबा, आधी ट्रेनिंग, मग भाकरी," हे म्हणाले.

"असं व्हय. मला वाटलं, शिट्टीच खायला देताय."

ह्यांनी त्या दिवशी तास लवकर सोडला.

*

मेजर मोठा झाला तसा त्याला दिवसभर ओट्यावरच्या खांबाला साखळीने बांधायचं ठरलं. सकाळी निघताना मी एका ताटलीत दूध-पोळी कुस्करून ठेवायची. संध्याकाळी येऊन बघावं तर ताटली जशीच्या तशी! मेजर साखळीला शांत बसलेला. ना भुंकणं, ना भुकेने कासावीस होणं.

ह्यांची छाती फुगली. मंचरला स्टाफरूममध्ये सगळ्या सरांना ऐकवून झालं की, आमचा कुत्रा ड्युटीवर असताना अन्नाला तोंड लावत नाही. याला म्हणतात शिस्त. एकदोन सर तर मुद्दाम बघायला येऊन गेले. त्यांनाही ताटली भरलेलीच दिसली आणि ते मान डोलावत परत गेले.

मग एकदा माझ्या शाळेच्या गावाची यात्रा होती म्हणून शाळा लवकर सुटली. मी भर दुपारी घरी पोचले. ओट्यावर कुत्रा नाही. साखळी व्यवस्थित गुंडाळून खुंटीला टांगलेली. पळत समोर गेले तर कोंडीबाबांच्या पडवीत मेजरसाहेब बाबांच्या वहाणेवर डोकं ठेवून घोरतायत आणि शेजारी रिकामं वाडगं.

बाबा जराही ओशाळले नाहीत. म्हणाले, "बांधलेलं जनावर दिवसभर बघवत न्हाई, बाई. तुमी गेला की सोडतो. स्कूटरचा आवाज आला की त्योच उठतो, खांबाजवळ जाऊन हुबा ऱ्हातो. मी निस्ती साखळी लावतो. सरांचा बी मान ऱ्हातो."

मी म्हटलं, "पण बाबा, मेजर तुमचं ऐकतो?"

"मेजर कोण? ह्यो बाळ्या हाय."

मी ह्यांना काही बोलले नाही. फक्त दुसऱ्या दिवसापासून दूध-पोळी ठेवायची बंद केली. ह्यांना तेही कळलं नाही.

*

ह्यांना कळलं ते ओतूरच्या मामांमुळे.

मामा म्हणजे ह्यांचे सख्खे मामा. दारात आले की पाण्याचा तांब्या हातात मिळालाच पाहिजे, नाहीतर वर्षभर ऐकवतील असले. मंचरला त्यांच्या मुलीसाठी एक स्थळ बघायला जायचं होतं. त्याआधी आमच्याकडे टेकावं, तोंड-हात धुवावं, म्हणून उतरले. आम्ही अर्थातच कोणी नव्हतो. पण किल्ली तुळशीच्या कुंडीमागे ठेवलेली असते, हे सगळ्या नातेवाइकांना माहीत असलेलं आमचं गुपित. कोंडीबाबा आणि आजी बाजाराला गेले होते. मेजर मोकळा होता.

मेजरने मामांना आत येऊ दिलं. शेपूट हलवत स्वागत केलं. मामांनी पाणी घेतलं, घटकाभर आडवे झाले, आणि निघायला म्हणून पिशवी उचलली. मेजर उंबऱ्यात येऊन उभा! भुंकला नाही, चावला नाही. फक्त दात दाखवले. मामांनी पिशवी खाली ठेवली की शेपूट हलायची. उचलली की दात. पिशवीत मुलाकडच्यांसाठी नारळ आणि मिठाई, ती सोडून जायचं कसं? मामा बसले.

संध्याकाळी आम्ही आलो तेव्हा मामांनी सगळं घर झाडून काढलं होतं, भांडी घासली होती आणि दुरडीभर वाटाणा सोलून ठेवला होता. करणार काय, वेळ जात नव्हता. इतका गुणी पाहुणा मला पुन्हा लाभला नाही.

तेवढ्यात बाबा बाजारातून आले. मामांचा अवतार बघून त्यांनी जरा अभिमानानेच सांगितलं, "मीच शिकीवलंय त्याला. मोकळ्या हातानं येणाऱ्याला कशापायी आडवायचं? त्यो पावणा बी असंल. चोर वळखायचा त्यो जाताना. हातात काय हाय, त्ये बघायचं."

ह्यांनी विचारलं, "तुम्ही शिकवलंय? कधी?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी वाटाण्यांकडे पाहिलं.

मामांचं काय झालं म्हणाल, तर मुलाकडचे दिवसभर ताटकळले. त्यांना वाटलं, मुलीचा बाप एवढा निवांत आहे म्हणजे मुलीला दुसरी स्थळं चिक्कार असणार. ते घाईघाईने स्वतःच ओतूरला जाऊन मुलगी पसंत करून आले. लग्न थाटात झालं. मामा अजूनही म्हणतात, "तुमच्या कुत्र्यानं माझा अपमान केला."

*

आता ह्यांचा नंबर.

हायस्कूलच्या मैदानावर स्पर्धा होत्या. कबड्डीचा फिरता चषक ह्यांनी पॉलिश करायला घरी आणलेला, आणि ऐन दिवशी तो कपाटातच राहिला. बक्षीस समारंभ सुरू व्हायला आला तेव्हा आठवण झाली. हे स्कूटरला किक मारून निघाले ते थेट घरी.

मेजरने प्रेमाने आत सोडलं. हे चषक घेऊन वळले तर मेजर उंबऱ्यात.

ह्यांनी एक लांब शिट्टी मारली. मेजर ताबडतोब बसला, उंबऱ्यातच. दोन आखूड मारल्या. ताबडतोब उठला, उंबऱ्यातच. पुन्हा लांब, पुन्हा बसला. कुत्रा एकही हुकूम मोडत नव्हता! शिकवलेलं सगळं अगदी चोख करत होता, फक्त दारातून हलत नव्हता, कारण "बाजूला हो" ची शिट्टी ह्यांनी कधी शिकवलीच नव्हती.

शेवटी खिडकीतून हाका मारायची पाळी आली. बाबा खालच्या वावरात कांद्याला पाणी देत होते. हातातलं खोरं टेकवून, पाय धुऊन, सावकाश आले. ओट्याखालीच उभं राहून म्हणाले, "बाळ्या, सर हायेत. जाऊ दे."

मेजर बाजूला झाला.

तिकडे मैदानावर प्रमुख पाहुण्यांना दुसरा कार्यक्रम होता. त्यांनी टेबलावरचा पाण्याचा तांब्या उचलून विजेत्या कॅप्टनच्या हातात दिला आणि फोटो काढून निघून गेले. शाळेच्या भिंतीवर त्या वर्षीच्या फोटोत तांब्याच आहे. हे म्हणतात, त्याचं काही नाही वाटलं. लागलं ते "जाऊ दे".

त्याच संध्याकाळी हे समोर गेले. मीही मागोमाग गेले. भांडण काही आरडाओरड्याचं नव्हतं. ह्यांनी सरळ सांगितलं, "बाबा, कुत्रा माझा आहे. त्याला तुम्ही काही शिकवायचं नाही."

बाबा बाजेवर बसले होते. म्हणाले, "रातच्याला तुमचा असंल, सर. दिवसा कुणाचा, त्ये त्यालाच इचारा."

झालं. दोघांचं बोलणं बंद.

*

मग बिबट्या आला. म्हणजे आमच्याकडे बिबट्या येतच असतात. धरणाचं पाणी आलं, ऊस वाढला, उसाबरोबर बिबटेही वाढले. पण त्या वर्षी शेजारच्या मळ्यातून दिवसाढवळ्या एक कुत्रं उचललं. ह्यांना चांगलं कारण मिळालं. ठरलं, मेजर दिवसा घरात कोंडायचा. आणि किल्ली कुंडीमागे ठेवायची नाही, ह्यांच्या खिशात, मंचरला.

काळजी खरी होती, मी नाही म्हणत नाही. पण काळजीच्या आत काय होतं तेही मला दिसत होतं.

कुत्र्याने घरात काही फाडलं नाही, काही सांडलं नाही. नुसता खिडकीखाली पडून राहायचा. खाणं टाकलं. ताटली पुन्हा भरलेली राहू लागली आणि ह्या वेळी ती खरीच भरलेली होती. गंगूआजींनी मला रस्त्यात गाठून सांगितलं की आमचं म्हातारं तुमच्या खिडकीशी पोतं टाकून दिवसभर बसतंय, आतल्या कुत्र्याशी गप्पा मारतंय, इकडं वावरात गवत माजलंय.

मला फार वाईट वाटलं. मी ह्यांना म्हटलं, एवढा कसला हट्ट? हे म्हणाले, "त्यांनी एकदा कबूल करावं की कुत्रा माझा आहे. लगेच किल्ली देतो."

मी बाबांकडे गेले. बाबा म्हणाले, "सरांनी एकदा तोंडानं म्हनावं, बाबा, कुत्रा तुमचा. एकदाच. मंग मी काय बी मागत न्हाई."

मी मधल्या मध्ये. शाळेत साठ पोरांना गप्प बसवणारी बाई मी, ह्या दोघांपुढे माझं काही चालेना.

शेवटी मेजरला मंचरला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोळे बघितले, पोट दाबलं, जीभ बघितली आणि विचारलं, "दिवसभर घरात कोण असतं?"

हे म्हणाले, "कोणी नाही."

"मग तेच झालंय," डॉक्टर म्हणाले आणि हात धुवायला गेले.

त्यानंतर आमचे हे किल्ली विसरायला लागले. ज्या माणसाने जन्मात कधी शिट्टी विसरली नाही, तो रोज सकाळी कुलपालाच किल्ली लावून ठेवून स्कूटरवर बसायचा. स्वातीनेच मला हे सांगितलं, आणि रात्री मी आठवण करून द्यायला तोंड उघडलं की ती माझा हात दाबायची. मेजर पुन्हा दिवसा पडवीत आणि संध्याकाळी खांबाला. पण ते एक वाक्य काही ह्यांच्या तोंडून निघालं नाही.

*

दोघं बोलत नव्हते असं म्हटलं तरी कामाचं बोलणं थांबत नाही. ते मेजरमार्फत चालायचं.

संध्याकाळी बाबा पडवीतून मोठ्याने सांगायचे, "बाळ्या, तुज्या कानात गोचीड झालीय. सरांना सांग."

इकडून हे म्हणायचे, "मेजर, त्यांना सांग, मी बघितलीय."

"बाळ्या, उद्या आमी लेकीकडं चाललोय म्हनावं. कुलूप लावताना घरात पाणी ठिवा."

"मेजर, पाणी रोजच ठेवतो म्हणावं."

मेजर रस्त्याच्या मधोमध बसून दोन्हीकडे आळीपाळीने मान वळवायचा. येणारे-जाणारे सायकलवरून उतरून ऐकायचे. अशी काही वर्षं गेली. स्वाती कॉलेजला पुण्याला गेली, फोन करायची तर आधी विचारायची, "बोलायला लागले का?"

एकदा बाबांच्या बांधावर खरोखरच बिबट्या येऊन बसला. बाबा पडवीत, मेजर पायाशी. बाबा सांगत होते की मेजरने एकदा मान वर करून बांधाकडे बघितलं, एकदा त्यांच्याकडे बघितलं, आणि उठून आत जाऊन खाटेखाली बसला. बिबट्या निघून गेल्यावरही बाहेर यायला तयार होईना. अल्सेशियन खाटेखाली लपला ही बातमी मंचरच्या स्टाफरूमपर्यंत गेली.

हे सगळ्यांना सांगायचे, "दिवसाची वेळ होती. तेव्हा तो बाबांचा कुत्रा असतो."

बाबा गावात सांगायचे, "पळाला तवा त्यो सरांचा व्हता."

*

कोंडीबाबा गेले ते कांदा काढणीच्या दिवसांत. आजारपण नाही, काही नाही. दुपारी पडवीत आडवे झाले ते उठले नाहीत. जवळ मेजर होता. आम्ही नेहमीप्रमाणे कोणी नव्हतो.

हे आले, बघितलं, आणि स्कूटर स्टँडवर न लावता तशीच सोडून आत गेले. त्या दिवसापासून दहावा होईपर्यंत हे शाळेतून आले की समोरच्या पडवीत जाऊन बसायचे. मुलांना काय हवं नको बघायचे, पाहुण्यांना चहा द्यायचे. मेजर बाबांच्या बाजेखालून हलायला तयार नव्हता. ह्यांनी त्याला एकदाही घरी बोलावलं नाही.

दहाव्याला नदीच्या घाटावर ही गर्दी! आमच्याकडे दशक्रियेला सगळा तालुका लोटतो. पुढाऱ्यांच्या गाड्या आलेल्या, माइक लावलेला, श्रद्धांजलीच्या भाषणांसाठी नंबर लागलेले. आम्ही निघालो तर मेजर ट्रॉलीमागे पळायला लागला. मग ह्यांनी त्याला साखळी लावून बरोबर घेतलं आणि घाटाच्या एका कडेला धरून उभे राहिले.

पिंड मांडले. पत्रावळीवर बाजरीची भाकरी, ठेचा, कपात चहा, शेजारी तंबाखूची पुडी. सगळं बाबांच्या आवडीचं. सगळे मागे सरले. समोर झाडावर एकच कावळा. बघतोय, पण उतरत नाही.

थोरला मुलगा पुढे झाला, हात जोडले. "आबा, आईला भोसरीला नेतो. काय कमी पडू देणार न्हाई." कावळा हलला नाही. धाकटा म्हणाला, "जमीन इकणार न्हाई, आबा." नाही. दोघे भाऊ मिळून म्हणाले, वाटण्यांवरून भांडणार नाही. तरी नाही. मग लेक, मग जावई, मग भावकी. ज्याला जे सुचेल ते कबूल करून झालं. ऊन चढलं. पुढारी घड्याळ बघायला लागले. माइकवाला दोनदा "हॅलो, हॅलो" करून गेला. गुरुजी हळूच म्हणाले, दर्भाचा कावळा करून लावू या, चालतं शास्त्रात.

तेव्हा हे कडेवरून निघाले. एवढ्या माणसांतून, हातात साखळी, मागे कुत्रा. पत्रावळीसमोर उभे राहिले. शाळेचं मैदान ज्या आवाजाने दणाणायचं तो आवाज कुठे गेला होता कोण जाणे. मी जवळ होते म्हणून मला ऐकू आलं.

"बाबा, कुत्रा तुमचा."

कावळा तिथेच. मागे कोणीतरी खुदकन हसलं. ह्यांचा चेहरा मला बघवेना. ह्यांनी डोळे पुसले, खाली वाकले आणि मेजरच्या गळ्यातला पट्टाच सोडला.

मेजर सरळ पत्रावळीकडे गेला आणि भाकरीला तोंड लावलं. एकच गलका झाला. "हाड! हाड! अरे धरा त्याला!" धाकट्याने दगड उचलला.

गंगूआजी बायांमधून उठल्या. दहा दिवसांत त्या कोणाशी बोलल्या नव्हत्या. हात वर करून म्हणाल्या, "खाऊ द्या त्याला. घरी बी पयला घास त्याचाच असायचा. त्याच्या आधी त्ये कधी जेवले न्हाईत."

धाकट्याने दगड खाली टाकला. मेजरने अर्धी भाकरी खाल्ली, अर्धी ठेवली आणि दोन पावलं मागे सरून बसला.

कावळा फांदीवरून उतरला, त्याच्या शेजारी येऊन बसला आणि उरलेली भाकरी खाऊ लागला.